पॉली स्टायरीनचा शिल्लक माल

यलो पेजेस. दाराशी आणून टाकलेलं पिवळं, जाडजूड बाड. प्लंबर, छापखानेवाले, प्लॅस्टिकचे घाऊक व्यापारी, सगळ्यांचे पत्ते त्यात. १९७६ साली लंडनमधली मेरिअन एलियट-सईद ही १९ वर्षांची मुलगी ते चाळत होती. बँड काढायचा होता, त्यासाठी नवं नाव हवं होतं आणि ते त्या काळाला शोभेल असं हवं होतं. स्वस्त, कारखान्यातून निघालेलं, वापरून फेकून देण्याजोगं. तिनं पॉली स्टायरीन हे नाव घेतलं. ब्रिटनमधलं पहिलं यलो पेजेस १९६६ साली ब्रायटनला निघालं होतं. छापील अंकांची शेवटची खेपही जानेवारी २०१९ मध्ये ब्रायटनच्याच घरांत पोचली.

पॉलिस्टायरीन. खरं तर ही वस्तू नाहीशा झालेल्या गोष्टींच्या या यादीत बसत नाही, कारण ती नाहीशी होत नाही. फुगवलेलं पॉलिस्टायरीन म्हणजे आपल्या गणपतीच्या मखरांचा थर्माकोल. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर त्यावरही बंदी आणली. मखरवाले हायकोर्टात गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. मखरं पुठ्ठ्याची झाली. आधीचा थर्माकोल खाडीत आणि कचरा डेपोत आहे तसाच आहे. पॉलीच्या बँडच्या अल्बमात ‘प्लॅस्टिक बॅग’ नावाचं गाणं आहे, ते १९७८ सालचं. तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी ही मिरवायची चीज होती, आपल्याकडे तर ती धुऊन दोरीवर वाळत घालत.

तीन पौंड. १५ व्या वर्षी ती घरातून पळाली तेव्हा खिशात एवढेच होते. हात दाखवून गाड्या थांबवायच्या, एका संगीत महोत्सवावरून दुसऱ्यावर जायचं, रात्री हिप्पींच्या कुठल्यातरी घरात अंग टाकायचं. हा सगळा प्रवास एका गंजक्या खिळ्याने संपवला. खिळा पायात घुसला, रक्तात विष भिनलं, इस्पितळात जावं लागलं. तसा प्रवास करणारी मुलं, त्यांना गाडीत घेणारे ड्रायव्हर आणि अनोळखी पोरांना जमिनीवर झोपू देणारी घरं, इंग्लंडमधून तिन्ही जवळजवळ एकदमच संपली.

‘सिली बिली’. १९७६ सालची एक छोटी तबकडी. गायिका मारी एलियट, म्हणजे हीच. रेगेच्या चालीवरचं हलकंफुलकं गाणं, जीटीओ नावाच्या कंपनीने काढलेलं. चाललं नाही. पंक संगीताच्या आधी तिने हे करून पाहिलं होतं, ही गोष्ट तिच्या भक्तांना फारशी आवडत नाही. मला आवडते. पंक म्हणजे आभाळातून पडलेली माणसं असं जे चित्र रंगवतात, त्याला या तबकडीने छान टाचणी लागते.

हेस्टिंग्जच्या धक्क्यावरचं सभागृह. लंडनच्या दक्षिणेला समुद्रकाठी हेस्टिंग्ज, तिथे समुद्रात घुसलेला लोखंडी धक्का, धक्क्यावर नाचगाण्याचं सभागृह. ३ जुलै १९७६ रोजी, तिच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, तिथे सेक्स पिस्टल्स नावाचा बँड वाजवत होता. सभागृह जवळपास रिकामं होतं आणि पोरं बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होती. अजून त्यांना कुणी शिव्या द्यायला लागलं नव्हतं. एवढं साधं वाजवूनही उभं राहता येतं, हे तिने पाहिलं. ५ ऑक्टोबर २०१० ला धक्क्याला आग लागली आणि वरचं जवळजवळ सगळं जळालं. २०१६ मध्ये नवा धक्का उघडला, पुढल्या वर्षी त्याला वास्तुकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. त्यावर आता मोकळी फळ्यांची जमीन आहे आणि वारा आहे.

साप्ताहिकातली छोटी जाहिरात. ‘मेलडी मेकर’ आणि ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकांच्या मागच्या पानांवर बारीक टायपात बँडवाल्यांच्या जाहिराती असत. ड्रमर पाहिजे, गायक पाहिजे, गाडी असल्यास उत्तम. तिनेही एक दिली, पंक पोरं पाहिजेत म्हणून. त्यातून जॅक एअरपोर्ट गिटारला, पॉल डीन बेसला, बी. पी. हर्डिंग ड्रमला आणि लोरा लॉजिक सॅक्सोफोनला, असा संच जमला. ‘मेलडी मेकर’ १९२६ पासून चालत होतं, ते २००० च्या अखेरीस ‘एनएमई’मध्ये विलीन झालं. ‘एनएमई’चा साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये थांबला. तिसरं साप्ताहिक ‘साउंड्स’ १९९१ मध्येच गेलं होतं. पंक वाढलं ते या तिघांच्या भांडणांवर.

एक्स-रे स्पेक्स. बँडचं नाव या खेळण्यावरून. अमेरिकन कॉमिक्सच्या पानांवर त्याची जाहिरात असे: हा चष्मा लावा आणि हाताची हाडं पाहा, कपड्यांच्या आरपार पाहा. पोस्टाने मागवायचा. हातात यायचा तो पुठ्ठ्याचा चष्मा. काचेच्या जागी पुठ्ठ्याचे दोन थर, प्रत्येकाला मधोमध बारीक भोक, आणि दोन थरांच्या मध्ये चिकटवलेलं पक्ष्याचं पीस. पिसाच्या बारीक तंतूंतून उजेड फाकतो, एका वस्तूच्या दोन सरकलेल्या प्रतिमा दिसतात. त्या जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद पट्टा उमटतो आणि बोट धरलं तर आत हाड असल्यासारखं वाटतं. बस, एवढंच. जाहिरातीने जे सांगितलं त्यातलं काही खरं नाही, पण काही दिसत नाही असंही नाही. ग्राहक फसतो आणि तरी त्याला थोडी मजा येते. पॉलीची बहुतेक गाणी या मधल्या जागेवर उभी आहेत.

किंग्ज रोडवरचा गाळा. माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची वस्तू ही. चेल्सीमधल्या किंग्ज रोडवर बोफर्ट मार्केट म्हणून लहान गाळ्यांचा बाजार होता, तिथे तिचा गाळा होता. नाव तेच, पॉली स्टायरीन. प्लॅस्टिकचे दागिने, भडक रंगाचे कपडे, इतरांनी टाकून दिलेला चमचमीत माल. त्याच रस्त्यावर माल्कम मॅकलॅरेन आणि व्हिव्हिअन वेस्टवूडचं प्रसिद्ध दुकान होतं, तिथे चामडी पट्टे आणि साखळ्या लावलेल्या विजारी भारी किमतीला विकल्या जात. बंडखोरीचा बाजार तिच्या डोळ्यांदेखत भरला होता आणि तीही त्या बाजारात बसली होती.

पंकमधली पोरं दुकानं जाळायच्या बाता मारत होती. ही गल्ल्यावर होती. माल कुठून येतो, गिऱ्हाईक कशाला भुलतं, संध्याकाळी काय उरतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिच्या गाण्यांत उपदेश नाही. नायलॉन, रबर, पॉलिप्रॉपिलीन, बर्गरचं हॉटेल, जंतुनाशक, टीव्ही, सुपरमार्केट, एकामागून एक नावं येतात आणि ती उत्साहाने घेते. ती गाणी मला जाहीरनाम्यापेक्षा दिवाळीआधी मोजदाद करून लिहिलेल्या दुकानाच्या वहीसारखी वाटतात. या वस्तूंवर तिचं प्रेम आहे की तिला त्यांची शिसारी आहे, हे समीक्षक अजून ठरवताहेत. गाळ्यावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, दोन्ही असतं. बोफर्ट मार्केट आता नाही. जवळच ‘मॅन इन द मून’ नावाचा पब होता, तिथे बँड नेमाने वाजवत असे. त्या जागी नंतर रेस्तराँ आलं.

दातांची तार. स्टीलची, ठसठशीत, हसली की अख्खी दिसणारी. तेव्हा ही तार शाळकरी मुलामुलींची लाज होती, फोटो काढताना ओठ मिटायचे. पॉली तारेसकट तोंड उघडून कॅमेऱ्यात किंचाळायची. अंगावर झगमगीत रंगाचे, एकमेकांशी न जुळणारे कपडे, कधी लष्करी हेल्मेट, कुरळे केस जसे असतील तसे. देखणं दिसायला तिने नकार दिला असं म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. देखणं म्हणजे काय हे ठरवायचं काम तिने दुसऱ्यांकडून काढून घेतलं, आणि ती स्वतः फार मजेत दिसते. आता दातांना पारदर्शक साचा बसवतात. कुणाला कळतही नाही.

रॉक्सी. कव्हेंट गार्डनमध्ये ४१-४३, नील स्ट्रीट. भाजीबाजार नुकताच तिथून हलला होता, गोदामं रिकामी होती, भाडं कमी होतं. तळघरात पंकचा क्लब सुरू झाला. पंकच्या तबकड्या अजून फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून डॉन लेट्स हा डीजे दोन बँडच्या मध्ये रेगे लावायचा. पुढे लंडनच्या पंकमध्ये जो रेगे मुरला त्याचं एक कारण इतकं साधं आहे. ‘लाइव्ह ॲट द रॉक्सी’ हा १९७७ चा अल्बम तिथेच ध्वनिमुद्रित झाला आणि एक्स-रे स्पेक्सचा आवाज त्यातून पहिल्यांदा बाहेर गेला. क्लब १९७८ च्या एप्रिलमध्ये बंद पडला. पुरतं दीड वर्षही नाही. कव्हेंट गार्डनमध्ये आज तसलं तळघर कुणी पोरांना देईल का, हे विचारण्यातही अर्थ नाही.

‘ओह बाँडेज, अप युअर्स!’ ही तबकडी नाहीशी झालेली नाही, पण १९७७ च्या सप्टेंबरात व्हर्जिनने ती काढली तेव्हा ती विक्रीच्या कुठल्याच यादीत आली नाही. सुरुवातीला पॉली बोलते, गात नाही. शाळेत शहाणी म्हणून नावाजलेल्या मुलीचा सूर, मुलींनी कसं वागावं याबद्दल मोठी माणसं काय म्हणतात ते ती सांगते. मग एक क्षण थांबते आणि तोच गळा फाटतो. हा बदल ऐकताना आजही कान टवकारतात, आणि त्याचं कारण किंचाळी नसून आधीचा तो शहाणा सूर आहे. तो नसता तर ती नुसती आरडाओरड झाली असती. शीर्षक पाहून लोकांनी भलतेच अर्थ लावले. तिचं म्हणणं वेगळं होतं: मुलीपणाची बेडी, गिऱ्हाईकपणाची बेडी, सगळ्याच बेड्या. मतदानाच्या हक्कासाठी स्वतःला रेलिंगला साखळदंडाने बांधून घेणाऱ्या बायका तिच्या मनात होत्या. किंग्ज रोडवर साखळ्यांच्या विजारी विकल्या जात होत्या, हे लक्षात ठेवलं तर गाणं कुणाला उद्देशून आहे तेही कळतं.

शाळकरी मुलीचा सॅक्सोफोन. लोरा लॉजिक, खरं नाव सुझन व्हिटबी, जाहिरात वाचून आली तेव्हा जेमतेम १६ वर्षांची. पंकमध्ये सॅक्सोफोन म्हणजे पंक्तीत चुकून वाढलेला पदार्थ. तिने तो गाण्याच्या मधल्या रिकाम्या जागांत न वाजवता पॉलीच्या आवाजाच्या जोडीने, त्याला टक्कर देत वाजवला. पहिल्या तबकडीनंतर थोड्याच काळात तिला बँडमधून जावं लागलं. अल्बमवर रूडी थॉम्सन हा दुसरा वादक आहे, पण तिने बसवलेली वळणं त्याच्या वाजवण्यात ऐकू येतात. दोन मुलींनी चालवलेला बँड एका मुलीचा झाला. पंकच्या इतिहासात याला दोन ओळी मिळतात. बँडचं जे खरं नवेपण होतं त्यातलं निम्मं तेव्हाच गेलं, असं माझं मत आहे. लोराने पुढे ‘एसेन्शियल लॉजिक’ हा स्वतःचा बँड काढला, तो ऐकला की हे मत आणखी पक्कं होतं.

नारिंगी तबकडी. ‘द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो’, १९७८, सात इंची, नारिंगी प्लॅस्टिकवर. विक्रीच्या यादीत तेविसावी. पुढची ‘आयडेंटिटी’ गुलाबी, चोविसावी. बँडने टीव्हीवरच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्येही हजेरी लावली. घरातली सगळी माणसं गुरुवारी संध्याकाळी एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहताहेत, हे चित्र आता कुणाला समजावून सांगावं लागेल. तो कार्यक्रम ३० जुलै २००६ रोजी संपला. रात्री रेडिओवर असली गाणी लावणारा जॉन पील २००४ मध्ये गेला. त्याच्यासाठी बँडने १९७८ मध्ये दोनदा स्टुडिओत वाजवलं होतं.

विम्पी बार आणि वूलवर्थ्स. दोन्ही पॉलीच्या गाण्यांत आहेत. ब्रिटनच्या प्रत्येक गावात असणारं बर्गरचं हॉटेल म्हणजे विम्पी. १९८९ नंतर त्यांतली बरीचशी हॉटेलं बर्गर किंगची झाली. ‘वॉरिअर इन वूलवर्थ्स’ हे गाणं वूलवर्थ्समध्ये काम करणाऱ्या मुलाचं. दिवसा तो तिथे राबतो, रात्री त्याचं दुसरंच आयुष्य असतं. वूलवर्थ्समध्ये सगळंच मिळायचं: चमचे, गोळ्या, लोकर, बल्ब, आणि तबकड्यासुद्धा. म्हणजे वूलवर्थ्सबद्दलचं गाणं वूलवर्थ्समधूनच विकत घ्यायची सोय होती. ब्रिटनमधलं पहिलं दुकान १९०९ साली लिव्हरपूलला, शेवटचं बंद झालं ६ जानेवारी २००९ ला. ८०७ दुकानं, सुमारे २७,००० माणसांच्या नोकऱ्या. त्या मुलाचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असणार.

ईएमआय. आपल्या ओळखीचा कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा ज्या घराण्याचा, तीच ही कंपनी. मराठी भावगीतं आणि नाट्यपदं ज्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर घराघरात गेली, ती कलकत्त्याची ग्रामोफोन कंपनीही याच गोतातली. १९७७ च्या जानेवारीत ईएमआयने सेक्स पिस्टल्सना हाकललं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७८ मध्ये, ‘जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स’ हा एक्स-रे स्पेक्सचा अल्बम ईएमआय इंटरनॅशनलच्या नावाने आला. व्यापार लवकर शहाणा होतो. मुखपृष्ठावर बँडची मंडळी काचेच्या परीक्षानळ्यांत उभी आहेत. अल्बम यादीत तिसाव्या जागेपर्यंत गेला. ‘ओह बाँडेज’ त्यात नव्हतं. शीर्षकगीत मात्र संथ आहे. सतत दात घासणारी, जंतूंच्या भीतीने पछाडलेली मुलगी आणि तिचं प्रेम. तबकडी म्हणून ते एकोणिसाव्या जागी पोचलं, बँडचं सगळ्यांत मोठं यश तेच. २०२० साली भाजीच्या जुड्या सोड्याच्या पाण्यात बुडवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते एकदा ऐकावं. ईएमआयचे २०१२ मध्ये तुकडे पडले, तबकड्यांचा धंदा युनिव्हर्सलकडे गेला.

व्हिक्टोरिया पार्क, ३० एप्रिल १९७८. इथे थोडं थांबायला हवं. पॉलीचे वडील सोमाली, आई गोरी, ब्रिटिश. आईने तिला ब्रिक्स्टनमध्ये वाढवलं. तेव्हाच्या लंडनमध्ये नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत होता. जून १९७६ मध्ये साउथॉलला गुरदीपसिंग चग्गर या शीख तरुणाचा खून झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून परक्यांना हाकलून द्या अशी बडबड केली, आणि त्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. त्यांचा मोर्चा ट्रफाल्गर चौकातून निघून पूर्व लंडनमधल्या या बागेत पोचला. ८०,००० च्या वर माणसं होती असं म्हणतात. वाजवायला क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन आणि एक्स-रे स्पेक्स. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मेला, तिथून जवळच व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या बंगाली कापड कामगाराचा खून झाला. मोर्चाने सगळं बदललं असं लिहिण्याचा मोह होतो तेव्हा ही तारीख आठवावी.

मंचावर पॉलीने डोकं फडक्याने बांधलं होतं. खाली केस नव्हते. मला कुणी मादक वगैरे म्हणायला लागलं तर मी डोकं भादरीन, असं तिने आधीच बोलून ठेवलं होतं. वर्तमानपत्रं तिला तसं म्हणायला लागली आणि तिने शब्द पाळला.

‘टेम्पररी होर्डिंग’. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’चं पत्र. भडक, कापून चिकटवलेलं, मोर्च्यात हातोहात विकलं जाणारं. त्याआधी मार्क पेरीचं ‘स्निफिन ग्लू’ होतं, ते १९७६ च्या जुलैत सुरू झालं आणि १९७७ मध्ये त्याने स्वतःच बंद केलं. मळकट झेरॉक्स, टाइपरायटरच्या चुका, खोडाखोड. आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची आठवण येते. तीही सायक्लोस्टाइलवर निघायची आणि तीही चार-पाच अंकांत आटपायची.

सीबीजीबी. न्यूयॉर्क, ३१५ बावरी. १९७८ मध्ये बँड तिथे वाजवायला गेला. न्यूयॉर्कमध्ये पॉलीला तिच्या गाण्यांतलं जग खरोखरीच भरलेलं दिसलं आणि ती हादरली. क्लब १५ ऑक्टोबर २००६ ला शेवटचा उघडला, त्या रात्री गायिका पॅटी स्मिथ गायली. त्या जागी भारी कपड्यांचं दुकान आलं.

डॉनकास्टरचा गुलाबी उजेड. १९७८ मधल्याच एका कार्यक्रमानंतर रात्री खिडकीबाहेर तिला गुलाबी प्रकाशाचा गोळा दिसला. उडती तबकडी, असं तिचं म्हणणं. त्यानंतर वस्तूंना हात लावला की त्या तडतडल्यासारखं तिला वाटायचं. तिला इस्पितळात भरती केलं गेलं, स्किझोफ्रेनिया असा शिक्का बसला, पुन्हा काम करता येणार नाही असं सांगण्यात आलं. शिक्का चुकीचा होता. १९९१ मध्ये बायपोलर असल्याचं निदान झालं. मधली १३ वर्षं ती चुकीच्या नावाच्या आजारासह जगली. १९७९ मध्ये बीबीसीने तिच्यावर ‘हू इज पॉली स्टायरीन?’ हा माहितीपट दाखवला आणि त्याच वर्षी तिने बँड सोडला. वय २२. दौरे, टीव्ही, मुलाखती, आणि त्या सगळ्यांत आजारी माणसाला विश्रांती मिळू न देणारं वेळापत्रक. आज हे घडलं तर कुणीतरी दौरा थांबवेल, अशी निदान आशा करता येते.

‘ट्रान्सलुसन्स’. १९८० चा तिचा एकटीचा अल्बम. हळू, जॅझकडे झुकलेला, किंचाळी कुठेच नाही. पंकवाल्यांना वाटलं ही मऊ पडली. विकला गेला नाही. तिच्या मृत्युलेखांत एका अल्बमची गायिका असा सूर होता, तो हा अल्बम न ऐकल्याचा. इथे ती गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडत नाही, दुकान बंद झाल्यावर स्वतःशी गुणगुणते. तिचं उत्तम काम ‘जर्मफ्री’च, पण तिला आणखी काय जमत होतं ते कळायचं असेल तर हा हवा.

जॉर्ज हॅरिसनचा वाडा. १९७३ मध्ये बीटल्समधल्या हॅरिसनने वॉटफर्डजवळचा एक जुना वाडा हरे कृष्ण मंडळींना दिला, तोच भक्तिवेदान्त मॅनर. जुहूचं इस्कॉन मंदिर आपल्या चांगल्या ओळखीचं आहे, तेही १९७८ च्या जानेवारीत उघडलं. १९८३ च्या सुमारास पॉली या पंथात आली आणि लहान मुलगी सेलेस्टला घेऊन मॅनरमध्ये राहिली. लोरा लॉजिकही याच वाटेने आली होती. एकाच पंक बँडमधल्या दोन मुली कंठी घालून कीर्तनात, याची पाश्चात्त्य लेखकांना गंमत वाटते. आपल्याला वाटू नये. नाम घेणं म्हणजे तोच शब्द पुन्हा पुन्हा, अंगात भिनेपर्यंत, आणि तिची गाणीही तशीच बांधलेली आहेत. अडचण दुसरीकडे होती. आजार सोबत होता आणि घर असं नव्हतंच. काही वर्षांनी मुलगी आजीकडे राहायला गेली.

आगीचा बंब. १९९५ मध्ये ‘कॉन्शस कन्झ्युमर’ हा नवा अल्बम आला, लोरासकट. दौरा व्हायचा होता. मध्य लंडनमध्ये पॉलीला आगीच्या बंबाने धडक दिली, ओटीपोटाचं हाड मोडलं, दौरा बारगळला. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

जॅक एअरपोर्ट २००४ मध्ये गेला, कर्करोगाने. मॅनेजर आणि निर्माता फाल्कन स्टुअर्ट त्याच्या दोन वर्षं आधी.

६ सप्टेंबर २००८ ला लंडनच्या राउंडहाउसमध्ये पॉली पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया पार्कातही गायली होती, ३० वर्षांनी, त्याच गवतावर, वर्णद्वेषाविरुद्धच. गवत तेवढं नवं असेल, बाकी कारण जुनंच. २८ मार्च २०११ ला ‘जनरेशन इंडिगो’ आला. त्यात ‘व्हर्च्युअल बॉयफ्रेंड’ नावाचं गाणं आहे, पडद्यावरच्या प्रेमाचं. ५३ व्या वर्षी, स्तनांचा कर्करोग पाठीच्या कण्यापर्यंत आणि फुप्फुसांत पोचलेला असताना, ही बाई बाजारात नवा काय माल आलाय ते पाहत होती. २५ एप्रिलला, हेस्टिंग्जला लागून असलेल्या सेंट लेनर्ड्समध्ये, ती गेली. अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता.

खोकी. रोजनिश्या, चित्रं, गाण्यांचे कच्चे खर्डे, कपडे, हे सगळं मुलीकडे आलं. सेलेस्ट बेलने त्यातून २०१९ मध्ये झोई हाउबरोबर पुस्तक केलं आणि २०२१ मध्ये पॉल संगबरोबर ‘पॉली स्टायरीन: आय ॲम अ क्लिशे’ हा चित्रपट. आईच्या रोजनिश्या त्यात अभिनेत्री रूथ नेगा वाचते. मुलगी भारतातही येते. आईबद्दलचा राग ती झाकत नाही आणि आईची बाजूही सोडत नाही. आई म्हणून ती कशी होती, हा प्रश्न चित्रपट टाळत नाही. पुरुष गायकांवरच्या चित्रपटांत बाप म्हणून ते कसे होते हे क्वचितच कुणी विचारतं, तेही ध्यानात येतं.

वारसा. हा शब्द जड आहे, पण वस्तू खरी आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑलिम्पिया गावात, मुलींनी बँड काढायला सुरुवात केली. ‘रायट गर्ल’ हे त्या चळवळीचं नाव, ‘बिकिनी किल’ची कॅथलीन हॅना तिचा ठळक चेहरा. शहाण्या मुलीचा सूर आणि मग फाटलेला गळा, हा बदल या मुलींच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ज्यांच्यापर्यंत पॉली पोचली त्यांच्याकडे ती बहुधा कुणीतरी भरून दिलेल्या कॅसेटवरून पोचली असणार, कारण ‘जर्मफ्री’ अमेरिकेत रीतसर निघाला तो थेट १९९२ मध्ये. गायिका नेने चेरीने तिचं ऋण सांगितलं आहे, बेथ डिट्टोनेही. कुरळ्या केसांच्या, सावळ्या मुलींना पंकच्या फोटोंत आपल्यासारखी एक दिसली, हा भाग गोऱ्या समीक्षकांनी लिहायला फार वर्षं लावली.

रायट गर्लवाल्या मुलीही झेरॉक्सवर पत्रं काढायच्या, एकमेकींना पोस्टाने पाठवायच्या, मैफलीच्या दारात फुकट वाटायच्या. त्यांतली बरीचशी आता न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आहेत, हॅनाच्या कागदपत्रांसह. ती पाहायची तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.